साडेचारच्या आत

बुलढाण्यात मला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि दुसरी म्हणजे मी मुहूर्त काढून देतो. भूगोल शिकलेल्यांपैकी कोणी नंतर शंका विचारायला आल्याचं आठवत नाही, मुहूर्तवाले मात्र अजून दार वाजवतात. घरभरणी, बोअर, नवी दुचाकी, पोराची मुलाखत, सगळ्याला मी वेळ देतो. काम फत्ते झालं तर वेळ माझी, फसलं तर त्यांचं घड्याळ मागे होतं. इतक्या चोख व्यवस्थेमुळे मी कधी तोंडावर पडलो नव्हतो. त्यासाठी मला विमानात बसावं लागलं.

माझी मुलगी भार्गवी वैमानिक आहे. हे वाक्य मी गेली सहा वर्षं दिवसातून सरासरी चार वेळा उच्चारतो, भेंडी निवडतानासुद्धा. सहा वर्षं ती सहवैमानिक होती. या मे महिन्यात तिच्या खांद्यावर चौथी पट्टी आली, ती कॅप्टन झाली, आणि कॅप्टन म्हणून तिचं पहिलं उड्डाण लागलं ते संभाजीनगरहून मुंबईला, शनिवारी दुपारी तीन पंचावन्नला. बुलढाण्याला रेल्वेच नाही तिथे विमान कुठून असणार, त्यामुळे संभाजीनगर आम्हाला घरच्यासारखंच. माझं आणि बायकोचं, म्हणजे शारदाचं, तिकीट भार्गवीनेच काढलं.

मी तिकिटाआधी पंचांग बघितलं. शनिवारी तीन ते साडेचार अमृत चौघडी. चौघडी म्हणजे दिवसाचे दीड-दीड तासाचे बरेवाईट तुकडे, आणि अमृत हा त्यातला सगळ्यात चांगला. साडेचारनंतर लागतो तो काळ, सगळ्यात वाईट. विमान कंपनीतही कोणी जाणकार बसलेला दिसतोय, असं मला वाटून गेलं. पण विमानं उशिरा सुटतात हेही मी ऐकून होतो. मी भार्गवीला फोन लावला.

"तीन पंचावन्न म्हणजे तीन पंचावन्नच ना?"

"बाबा, पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं होते."

"होऊ दे. पण साडेचारच्या आत चाकं उचलायची. तुले माझ्या गळ्याची शपथ."

ती हसली आणि "हो बाबा" म्हणाली. गळ्याच्या शपथेची गंमत अशी की ती मोडणाऱ्याला काही होत नाही, ज्याच्या गळ्याची असते त्याचं बरंवाईट होतं. म्हणजे मी माझाच गळा पोरीच्या हातात दिला आणि वर तिलाच दरडावलं. या शपथेला उतारा एकच. ज्याने घातली त्याने आपल्या तोंडाने 'सुटली' म्हणायचं. भार्गवी लहान असताना मी तिला रोज एक शपथ घालत असे, कच्ची कैरी खायची नाही, विहिरीत डोकावायचं नाही, आणि संध्याकाळी ती माझ्या मागे मागे फिरून 'सुटली' म्हणवून घेत असे. तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

आता प्रश्न बुलढाण्यातून निघायचा. गाडी सकाळी साडेनऊला निघणार होती, आणि शनिवारी ती वेळ साफ वाईट. पण आपल्या जुन्या माणसांनी असल्या अडचणीवर तोड काढून ठेवली आहे. वेळ चांगली असताना निघता येत नसेल तर प्रस्थान ठेवायचं. म्हणजे नारळ, सुपारी, हळकुंड एका फडक्यात बांधून, जायच्या वाटेवर कोणाच्या घरी चांगल्या वेळेला नेऊन ठेवायचं. तेवढ्याने तुम्ही निघालात असं धरतात. मग खरोखर निघाल तेव्हा ते फडकं उचलायचं आणि पुढे जायचं. मी शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता फडकं घेऊन धाड रस्त्याला मोतीरामकडे गेलो. मोतीराम मूळचा वरवट बकालचा, भाजीपाला पिकवण्यात त्याची हयात गेली. वाट त्याच्या दारावरूनच जाते, म्हणून माझी सगळी प्रस्थानं त्याच्याच घरी असतात.

"सर, तुमचं बरं हाय," फडकं देवळीत ठेवत तो म्हणाला. "मानूस घरी झोपते आन नारळ गावाले निंघते."

मी त्याला भार्गवीचं, अमृत चौघडीचं आणि शपथेचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि बाहेर आभाळाकडे पाहिलं.

"पन सर, आजकाल दुपारून वावधन सुटून राह्यलं. माझ्या पाठीवर फवाऱ्याचा पंप असला ना, आन वावधन सुटलं, का मी पंप खाली ठेवतो. वाऱ्याचं काही खरं नसते. समोरून येते म्हनता म्हनता मागून येते, आन सारं औषध आपल्याच तोंडावर."

"मोतीराम, ते विमान आहे. मिरचीचं वावर नाही."

"हाव, तेही खरंच म्हना."

एकतीस वर्षं मी फळ्यावर खडूने बाण काढून वारे शिकवले. त्या बाणांनी कधी दिशा बदलली नाही, कारण पुसायचं फडकं माझ्या हातात होतं. मोतीरामचं बोलणं मी धाड रस्त्यालाच सोडून आलो.

शनिवारी नारळ उचलून आम्ही वेळेत विमानतळावर पोचलो. चहावाल्याला, तपासणी करणाऱ्या शिपायाला आणि रांगेतल्या एका जपानी बाईला मी आजची कॅप्टन कोण ते सांगितलं. त्या शिपायाने नारळ मात्र ठेवून घेतला. आमच्या जागा बाराव्या रांगेत होत्या. खिडकीत चिखलीचे शेखरभाऊ नावाचे बियाण्यांचे व्यापारी, मध्ये मी, आणि कडेला शारदा. चार वाजून पाच मिनिटांनी विमान जागेवरून हललं. मी घड्याळ शारदाच्या डोळ्यांपुढे धरलं. पंचवीस मिनिटं हातात होती.

धावपट्टीच्या तोंडाशी येऊन विमान थांबलं. आमच्या पुढचं विमान धावलं, उडालं, दिसेनासं झालं. आता आपण, असं म्हणून मी पट्टा आवळला. आपण मात्र गेलोच नाही. चार वाजून तेरा मिनिटांनी भार्गवीचा आवाज आला, आधी इंग्रजीत, मग हिंदीत, की हवामानामुळे काही मिनिटं थांबावं लागेल.

"कायचं हवामान?" शेखरभाऊ म्हणाले. "तो पुढचा गेला नाई का आत्ता? त्याले काही झालं?"

मी त्यांच्यावरून वाकून बाहेर बघितलं. आमच्या बाजूला स्वच्छ ऊन होतं. लांब धावपट्टीच्या पलीकडे एक काळा ढग होता, पण तो आपल्या जागी होता आणि आम्ही आमच्या. जवळच एका खांबावर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी बाही लावलेली होती, वारा कळावा म्हणून. ती आमच्याकडे शेपूट करून छान फुगली होती. आणि इथे माझ्यातला भूगोलाचा मास्तर जागा झाला.

"ते बघा," मी आवाज तीन रांगांना जाईल असा लावला. "वारं अगदी समोरून आहे. उड्डाणाले समोरचं वारं सगळ्यात उत्तम. पंखाखाली हवा मिळते, विमान लवकर उचलल्या जाते. शास्त्र आहे हे. याच्यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही."

हे मी फोनवर एका लेखात वाचलं होतं, अर्ध्यापर्यंत. पण बोललो असं, की जणू पंख मीच बसवले. मागच्या रांगेतून कोणी म्हणालं, काकांना समजतं तेवढं यांना समजत नाही का. मला फार बरं वाटलं. शारदाने माझ्या मांडीला चिमटा काढला, तो मी कौतुकाचा समजलो.

चार वीस झाले. मला आता ढग दिसेनासा झाला, नुसतं घड्याळ दिसत होतं. मी खिशातली चिठ्ठी काढली, म्हणजे शारदाची औषधांची यादी, तिचा अर्धा तुकडा फाडला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'काळ साडेचारला लागतो. शपथ आठव. बाबा.' हवाई सुंदरी मयुरी, तिचं नाव छातीवरच्या पट्टीवर होतं, तिला मी बोलावून ती दिली.

"सर, असं देता येत नाही."

"मी कॅप्टनचा बाप आहे. घरचं तातडीचं आहे."

तिने चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बहुधा खरोखरच तातडीचा दिसत असावा. "विमान उभं आहे म्हणून विचारते," असं म्हणून ती पुढे गेली, भिंतीवरच्या फोनवर काही बोलली, आणि दार जरासं उघडून चिठ्ठी आत गेली. मी मागे रेललो. जगातला सगळ्यात मूर्ख माणूस त्या क्षणी सगळ्यात समाधानी होता.

"मले तं वेगळंच वाटते," शेखरभाऊ म्हणाले. "बाई कॅप्टन हाय. भेली असन."

आता खरं सांगायचं तर इथे मी बोलायला हवं होतं. चहावाल्याला सांगितलं, शिपायाला सांगितलं, जपानी बाईला खुणा करून सांगितलं. आणि नेमकं इथे माझी जीभ टाळूला चिकटली. कारण मलाही तेच वाटत होतं. पोरगी घाबरली, पहिल्याच दिवशी घाबरली, आणि लोकांत आपलं हसं होतंय. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

"ते आमची पोरगी आहे," शारदा माझ्यावरून वाकून म्हणाली. "भ्यायची सवय तिले नाही. ती ह्यांच्याकडे आहे."

शेखरभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी सुरक्षा सूचनांचा कागद वाचायला घेतला.

चार सत्तावीसला भार्गवी पुन्हा बोलली. या वेळी मराठीतही.

"मंडळी, समोर जो काळा ढग दिसतोय, त्यातून गार हवा सरळ खाली कोसळते. अंगणात पाण्याची बादली उपडी केली की पाणी कसं चहूकडे पसरतं, तशी ती जमिनीवर आदळून पसरते. आपण आता उडालो तर आधी ते वारं समोरून येईल. विमान आपोआप वर चढेल, वाटेल की छान चाललंय. मग ते वरून दाबेल. आणि पलीकडे गेलो की तेच वारं पाठीमागून येईल, आणि पंखांखालचा आधार निघून जाईल. तेव्हा आपण जमिनीपासून दोन-तीनशे फुटांवर असू. तिथे सावरायला जागा नसते. आपल्या आधी गेलेलं विमान थोडक्यात निभावलं आणि त्याच्या वैमानिकाने तसं कळवलंय. म्हणून आपण थांबतोय. कोणाची वेळ चुकत असेल तर त्यांनी माफ करावं." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण मी थांबून राह्यली."

शेवटचं वाक्य तिने विमानातल्या सगळ्यांना सांगितलं नव्हतं. बाराव्या रांगेत मधल्या खुर्चीवर ते बरोबर येऊन पोचलं.

साडेचार वाजले. काळ लागला. मी हळूच गळ्याला हात लावून पाहिला. कोरडा पडला होता, म्हणून शारदाने दिलेला शंकरपाळा तोंडात टाकला, आणि चार एकतीसला तो घशात अडकला. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी हातवारे करून शारदाला शपथेचं सांगायचा प्रयत्न केला. तिने पाठीत असा धपाटा घातला की शंकरपाळा शेखरभाऊंच्या खिडकीवर जाऊन आपटला.

"चावून खाल्लं तं कोनतीच चौघडी आडवी येत नाही," ती म्हणाली.

अजून कोणी हसायचं थांबलं नव्हतं, तेवढ्यात विमान हललं. जागच्या जागी, कोणी खांदे धरून गदागदा हलवावं तसं. ऊन विझलं. खांबावरची ती बाही आधी इतकी ताठ झाली की फाटेल असं वाटलं. मग ती अचानक मेल्यासारखी खाली पडली. आणि मग उलटी फिरून, पार पलीकडच्या बाजूला, फुगली. मी बघत होतो. माझं उत्तम, शास्त्रशुद्ध, समोरचं वारं एका मिनिटात पाठीमागून आलं होतं. सामान वाहायची एक रिकामी गाडी आपणहून धावत सुटली आणि आडवी झाली. गारा पत्र्यावर वाजाव्या तशा वाजायला लागल्या. समोरची धावपट्टी दिसेनाशी झाली.

शेखरभाऊंनी खुर्चीचा हात समजून माझं मनगट धरलं होतं.

समोरून येते म्हनता म्हनता मागून येते, आन सारं आपल्याच तोंडावर. फवाऱ्याचा पंप खाली ठेवायला मोतीरामला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ठेवू नको म्हणून त्याच्या बापाने त्याला शपथही घातली नव्हती. मला पहिल्यांदा नीट कळलं की मी पोरीला काय करायला सांगितलं होतं. पावणेदोनशे माणसं, माझी बायको आणि ती स्वतः त्या वाऱ्यात हवेत असती, आणि सुटायची वेळ अमृत असती. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

मी औषधांच्या यादीचा उरलेला तुकडा काढला आणि त्यावर एकच शब्द लिहिला: 'सुटली.' मयुरी पुढच्या आडव्या खुर्चीत पट्टा बांधून बसली होती. मी अर्धवट उठून चिठ्ठी वर धरून हलवली.

"सर, खाली बसा," ती म्हणाली. तिचा आवाज आता आधीसारखा गोड नव्हता. "आता काहीही नेता येणार नाही."

चिठ्ठी माझ्या मुठीतच राहिली. पाच वाजून बावीस मिनिटांनी, आभाळ धुतल्यासारखं मोकळं झाल्यावर, आमचं विमान उडालं. भर काळात. इतकं अलगद उडालं की शेखरभाऊंना कळलंच नाही.

मुंबईत सगळे उतरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. उतरताना शेखरभाऊ दाराशी थांबले आणि भार्गवीला हात जोडून "ताई, बरं केलं" म्हणाले. मग आम्ही पुढे गेलो. ती टोपी काखेत धरून उभी होती. चार पट्ट्या. आत तिचा सहवैमानिक सागर काहीतरी लिहीत होता आणि मुद्दाम आमच्याकडे बघत नव्हता.

"गळा कसा आहे, बाबा?"

"आहे."

"प्रस्थान झालं होतं ना," ती म्हणाली. "चार वाजून पाचलाच विमान जागेवरून हललं. अमृतातच. तुमचा नारळ मोतीरामकाकाकडे रातभर राहते, तर विमान वाटेत तासभर थांबलं तर काय बिघडलं?"

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. सगळ्या बुलढाण्याला मी प्रस्थान शिकवतो. थांबायची सोय आमच्या शास्त्रातच होती, आणि मी तिला घाईची शपथ घालून बसलो होतो. मी हसलो. मला वाटलं की मिटलं.

"पण एक सांगू का?" तिचा आवाज खाली आला. "चार वीसला टॉवरनं विचारलं, जाता का म्हणून. तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं. मी चार मिनिटं घेतली. ढग नाही पाहत होते बाबा. साडेचारला किती मिनिटं उरली, ते पाहत होते."

मी मुठीतली चिठ्ठी आणखी आवळली.

"मग तुमची चिठ्ठी आली. तोपर्यंत मलाच कळत नव्हतं की ही घाई कोणाची आहे. चिठ्ठीवर नाव लिहिलेलंच होतं. मी सागरला म्हटलं, टॉवरला सांग, आपण थांबतोय."

मी मूठ उघडून दुसरी चिठ्ठी पुढे केली. घामाने शाई पसरली होती, पण शब्द वाचता येत होता. तिने तो वाचला, चिठ्ठीची घडी घालून माझ्याच खिशात ठेवली.

"लिहिलेलं चालत नाही. तोंडानं म्हणावं लागते. तुम्हीच शिकवलं आहे."

ती दारात उभी होती, लहानपणी संध्याकाळी उभी राहायची तशी, आणि मला आठवलं की तेव्हा ती रडत असायची.

"म्हणा की," शारदा म्हणाली. "एरवी तोंड थांबत नाही तुमचं."

"सुटली," मी म्हणालो. आणि मग कोणी विचारलं नसताना पुन्हा म्हणालो, "सगळ्याच सुटल्या."

भार्गवीने मान हलवली, वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला आणि टोपी डोक्यावर चढवली. तिला लगेच निघायचं होतं. पुढचं उड्डाण सात पन्नासला होतं.

शनिवारी सात पन्नासला कोणती चौघडी असते ते मला पाठ आहे. मी सांगितलं नाही.